शेजारच्या सीटची अट

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण, गावभर 'ब्रेकबाई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणू पाहणाऱ्याचे काय होते, ते माझ्या धाकट्या भावाला विचारावे. येत्या शुक्रवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पहिल्यांदा चढावर गाडी नेणाऱ्याला मीही हेच सांगते, म्हणून लगेच लिहायला बसले.

१. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. हे घर मी आणि माझ्या दिवंगत पतींनी मिळून बांधले. ते कधी गाडी शिकले नाहीत. मागच्या सीटवर बसायचे आणि गल्लीचे वळण येण्याआधीच घोरायला लागायचे. माझ्या ब्रेकवर इतका विश्वास दुसऱ्या कोणी ठेवला नाही. मुलगी लिफ्ट तपासणारी इंजिनिअर आहे. आठवडाभर लोकांच्या लिफ्टचे ब्रेक तपासते आणि सुट्टी आली की आईचा जीव टांगणीला लावते.

२. स्कूलची छोटी गाडी माझ्या हाताखालच्या शिक्षिकेला द्यावी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरे ब्रेक पेडल आहे. त्यावरचे रबर झिजून गेले आहे. विद्यार्थ्यांच्या पेडलवरचे अजून नवे दिसते. काय ते समजून घ्यावे.

३. माझ्या धाकट्या भावाने स्कूलच्या उद्घाटनाला चारचौघांत म्हटले होते, "बाई शिकवणार, म्हणजे आता रस्त्यावर आपणच जपून चालायचं." ते मी विसरलेले नाही. तो स्वतः गाडी लावण्याच्या परीक्षेत नापास होत राहिला. त्याला मी सरावाचे लाल शंकू देते. मोकळी जागा बघून प्रयत्न करावा. अजून वेळ गेलेली नाही.

४. सरावाचे मैदान मुलीला मिळावे. ते विकून तिने ट्रॅकवर चालवायला गाडी घ्यावी, असे मी तिला कबूल केले होते. दिला शब्द फिरवत नाही, पण अटी घालते. (अ) गाडी हलकी आणि बेताच्या ताकदीची असावी. सहाशे घोड्यांच्या ताकदीचे जे धूड तिने पसंत केले आहे, ते नसावे. (ब) शेजारची सीट काढू नये, आणि ट्रॅकवर जाताना तिथे कोणी जाणते माणूस बसलेले असावे. यातली एकही अट मोडल्यास मैदान माझ्या भावाला जाईल. हे लिहिणे जिवावर आले, पण लिहिले.

५. अटींचे कारण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या बंद रस्त्यावर आपलीच गाडी हवी तेवढी पळवण्याचा दिवस. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. गेल्या वर्षी मुलगी पहिल्यांदा गेली, तेव्हा स्कूलची गाडी नेली आणि मला शेजारी बसवले. मोठ्या वळणावर मला वेग जास्त वाटला. मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. भर वळणात जोरात ब्रेक मारला की मागची चाके सुटतात. गाडी गरगरली आणि गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली.

"आई, गाडी कोण चालवत होतं?"

"तू. म्हणून तर दाबला."

"मी बरोबर चालवत होते."

"ते तुला वाटत होतं."

तेव्हापासून आमचे बोलणे 'जेवलीस का' आणि 'हो' याच्या पुढे गेलेले नाही. मी ब्रेक दाबला याचा मला पश्चात्ताप नाही. कोणती आई हातावर हात ठेवून बसेल?

गेल्या आठवड्यात तिने निवडलेली गाडी बघायला मी एकटीच शोरूममध्ये गेले. विक्रेता म्हणाला, "मॅडम, तीन सेकंदांत शंभरचा वेग!"

"आणि शंभरावरून थांबायला किती?"

"ते जरा बघून सांगतो."

"बघा. मी बसते." आणि मी सवयीने शेजारच्या सीटवर बसले.

तो म्हणाला, "ही सीट तर काढायची आहे. त्या मॅडमनी सांगितलंय, वजन वाचतं."

सीटचे वजन ते किती! काढायचे होते ते मला. घरी आले आणि जेवले नाही.

६. इथवर सोमवारी लिहिले होते. बुधवारी मुलगी दारात उभी राहिली.

"चल. तू शोरूममध्ये येऊन गेलीस ते कळलं. ट्रॅकवर चालवून बघायला त्यांनी ती गाडी दिलीय. सीट अजून आहे."

मी गेले. पहिल्या वळणाआधी माझा पाय आपोआप दाबला गेला. खाली पेडल नव्हते, नुसती चटई. त्याच क्षणी तिनेही ब्रेक मारला. माझीच लेक, असे वाटून बरे वाटले. मग मोठे वळण आले. मी दाबला आणि तिने दाबला नाही. मी डोळे मिटले. त्यानंतर तिने दाबला, वळणाच्या आत सोडला, आणि गाडी सुतासारखी सरळ बाहेर पडली. माझ्या पायाखाली पेडल असते, तर आम्ही पुन्हा गवतात गेलो असतो.

हे मला फार लागले. जन्मभर ज्या पायावर पोट भरले, तो चुकला.

हेल्मेट काढत तिने विचारले, "तिथं दाबलंस ना?"

"तुला कसं कळलं?"

"मीही आधी तिथंच दाबायचे. तूच शिकवलंयस. हिचे ब्रेक मोठे आहेत, हिला उशिरा दाबला तरी चालतो. ब्रेक बघूनच तर ही निवडली मी."

"आणि सीट?"

तिने हातमोजे काढून हेल्मेटमध्ये टाकले. "सीट काढणार आहे, आई. तू श्वास रोखतेस ते मला कळतं. मग मी वळणाकडे बघून चालवत नाही, तुझ्याकडे बघून चालवते. त्यानंच एखाद दिवशी घात होईल."

ती म्हणते ते मला पटते, आणि भीती तसूभरही कमी होत नाही.

७. कलम ४ मधील दोन्ही अटी मी याद्वारे रद्द करते. मैदान मुलीला विनाअट मिळावे. गाडी कोणती घ्यायची, शेजारी कोणी बसवायचे की नाही, हे तिने ठरवावे. भावाला शंकू पुरेत.

८. काढलेली सीट फेकू नये. माझ्या खोलीत खिडकीपाशी ठेवावी. मी परत आले, तर ट्रॅकच्या दिवशी मुलगी घरी येईपर्यंत मला तिथेच बसायचे आहे.

वरील सर्व मी वाचले, समजले, आणि खाडाखोड न करता खाली सही केली.

स्थळ: घरचे जेवणाचे टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, गुरुवार

(सही) ब्रेकबाई

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या दवाखान्याचे दातांचे डॉक्टर
२. (सही) गॅरेजचे मेस्त्री

बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. हात स्थिर होता. टेबलाखाली उजवा पाय मात्र फरशीवर घट्ट दाबलेला होता, हेही मेस्त्रींच्या सांगण्यावरून नमूद केले आहे.