पुसलेले तीन निरोप

पनवेल,
१६ फेब्रुवारी २००८

प्रिय मोनाली,

सलाम. आईचे गुडघे आता कसे आहेत? करंज्याला तू त्यांच्यासोबत मासळी विकायला बसतेस असं कळलं. इकडे घरी सगळे खुशाल. अब्बांचा खोकला थंडीबरोबर गेला. भावाची यूम्ना भिंत धरून चालायला लागली. नोकरीचं पुढे लिहिते.

आपण दोन वर्षं रोज बोललो आणि भेटलो फक्त दोनदा. मोठा कॉम्प्युटर कळंबोलीच्या ऑफिसात माझ्या खोलीत, आणि द्रोणागिरीच्या गोदामात तुझ्यापुढे नुसता पडदा आणि कीबोर्ड. काही अडलं की तू ऑपरेटरला, म्हणजे मला, निरोप टाकायचीस. इंग्रजी अक्षरांत तुझी मराठी: ‘ताई, पडदा गोठलाय, सोडवा.’ काही अडलेलं नसलं तरी, ‘ताई, जेवलाव का? आमच्याकडं आज बोंबील हाय.’ बीप वाजायचं आणि त्या गार, बिनखिडकीच्या खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटायचं.

मला एकोणीस जूनचं लिहायचं आहे. चार वेळा सुरू करून फाडलं.

आदल्या दिवशी साहेबांनी आपल्या गप्पा पकडल्या होत्या. ‘हा काय घरचा फोन आहे?’ म्हणून सगळ्यांसमोर बोलले. एकोणीसला दुपारी ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहुण्यांना मशीन दाखवत होते, तेवढ्यात तुझा निरोप आला. ‘झालं सुरू तुमचं?’ साहेब म्हणाले. पाहुणे हसले. मी बटण दाबून निरोप पडद्यावरून पुसला. मग दुसरा आला, तोही पुसला. तिसराही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या यार्डातल्या त्या कंटेनरमध्ये कीड मारायचा विषारी वायू सोडलेला होता आणि कॉम्प्युटरच्या नोंदीत मात्र ‘उघडण्यास हरकत नाही’ असं दिसत होतं. ती नोंद दुसऱ्या कुणाच्या टर्मिनलवर, म्हणजे पडद्यावर, उघडी राहून अडकलेली, तुला बदलता येईना. ती फक्त मी सोडवू शकत होते. तुमचा फोन सकाळपासून बंद. शेवटी तू खुर्ची सोडून धावलीस. यार्डाच्या त्या टोकाला पोचलीस तोवर बळीराम हमाल दार उघडून आत गेला होता.

चौकशीत मला विचारलं, द्रोणागिरीहून काही कळवलं होतं का? मी म्हणाले, ‘नाही. काही आलं नव्हतं.’

‘ताई, मी टाकले व्हते. तीन टाकले,’ तू म्हणालीस. मी टेबलाकडे बघत राहिले. जागा सोडून गेली, वर कळवलं नाही, असं लिहून त्यांनी तुला काढलं.

तेव्हापासून मी स्वतःची एकाच गोष्टीवर समजूत घालत आले, की मी पुसले, पण वाचले नव्हते.

मोनाली, मी पहिला वाचला होता. ‘ताई, वायूचा कंटेनर उघडतायत, थांबवा.’ मला वाटलं, साहेब बाजूला झाले की करते. ते अकरा मिनिटांनी गेले.

पडद्यावरून पुसलं तरी मशीनच्या आत निरोप राहतो. एकोणीसच्याच संध्याकाळी मी ते तीनही निरोप एका कागदावर छापले. मग मला तो कागद नाहीसा करावासा वाटला. पण मी फाडला नाही आणि कुणाला दिलाही नाही. शिवणाच्या डब्यात दोऱ्यांखाली ठेवला.

जानेवारीत बळीरामची बायको शकू ऑफिसात आली, कसल्याशा दाखल्यासाठी. मी पाणी दिलं. पिताना म्हणाली, ‘त्या कोळ्याच्या पोरीनं कळवलं असतं तर माजा मानूस जगला असता ना, बाई?’ आणि तुला शिव्याशाप द्यायला लागली. मी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही.

गेल्या सोमवारी कोन गावी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

‘तू वाचलं व्हतंस?’

‘हो.’

‘आन ती पोर धावली व्हती?’

‘हो. ती एकटीच धावली.’

तिचा हात सुपात तसाच राहिला. मग म्हणाली, ‘आठ म्हैने मी तिच्या नावानं बोटं मोडली. तिला सांग जा. तुज्याच तोंडानं सांग. आन हितं आता थांबू नको.’

मंगळवारी मी चौकशी अधिकाऱ्यांना जबाब लिहून दिला आणि मूळ कागद जोडला. बुधवारी ऑफिसने मला घरी बसवलं. अब्बांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘उशीर केलास, बेटा.’

तोंडाने सांगायला करंज्याला यायला हवं होतं. उरणच्या एसटीत बसलेही होते, पण पुढच्याच थांब्यावर उतरले. इतकीच माझी हिंमत. सात मार्चला पनवेलला सुनावणी आहे, तुला नोटीस येईल. तिथे तुझ्यासमोर आणि साहेबांसमोर हे सगळं बोलेन. कागदाची प्रत सोबत आहे. त्या दिवशी मी आले नाही, तर ती तूच पुढे कर.

एक गोष्ट ऑफिसच्या एकाही कागदात नव्हती. हमालांनी मला सांगितलं, की तू तोंडाला ओढणी बांधून आत शिरलीस, बळीरामला ओढून बाहेर आणलंस, आणि त्याचा श्वास थांबेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. माझ्या जबाबात मी ते सगळ्यात आधी लिहिलं आहे.

माफी मागत नाही. ती द्यावी लागू नये तुला.

तुझी ताई म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
बिल्कीस