तुमची बंदूक मी देऊन आली

बाबा, तुमची बंदूक मी आज ठाण्यात कायमची देऊन आली. काकाच्या नावावर करायची सही केली नाई, माह्या नावावरही मागतली नाई. आता ते तिले कापतील, वितळवतील, काय करायचं ते करतील. काका माह्याशी बोलून नाई राह्यले. आई बोलते, पण दोन दिवसापासून वरणात मीठ टाकाले विसरून राह्यली. तुमी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं, मले माहीत आहे. म्हणूनच तुमाले लिहून राह्यली. माही मराठी इंग्लिश मीडियमची आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकन, तेवढं चालवून घ्या.

तुमाले जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती ठाण्यातच पडून होती, कारण लायसन माणसाचं असते, घराचं नसते. काकाले हे आजही पटत नाई. तुमाले तरी कुठं पटत होतं? इलेक्शन आलं की हत्यार जमा करा म्हणून निरोप येते, अन् तुमी ती जुन्या चादरीत गुंडाळून तळेगावच्या स्टँडवर उभे राहता, तोंड असं उतरलेलं जसं काई तेराव्याले निघाले. मी तुमच्या संगं. ठाण्यातला मुन्शी पावती देते, तुमी ती दोनदा वाचता, खिशात घालता, अन् बाहेर आल्यावर म्हणता, "रानडुकराईले सांगतलं का यायनं, इलेक्शन होईस्तोर चना खाऊ नका म्हणून?" मी हसते. त्या वयात मले सरकार म्हणजे आपली वस्तू उचलून नेणारं कोणीतरी वाटे.

चौथीत होती मी. तुमी आंगणात बसून नळी साफ केलती, रिकामीच होती, अन् मी ती उचलून सयपाकघराकडं धरली. आत आई भाकरी थापून राह्यलती. तुमी मले तोपर्यंत कधी हात लावला नव्हता, त्या दिवशी गालावर पाच बोटं उठली. मंग शांतपणे म्हणाले, "रिकामी असो का भरलेली, नळी माणसाकडं करायची नाई. मेलेल्या माणसाकडंबी नाई." पुढच्या हिवाळ्यात तुमीच मले वावराच्या धुऱ्यावर नेलं, मागून धरून एक बार काढू देला. खांदा आठवडाभर निळा होता. शाळेत कोणाले सांगतलं नाई, पण माह्यासारखी श्रीमंत कोणी नव्हती.

आता काकाच्या लग्नाचं बोलू. लायसनवर लिहिलेलं, पीक रक्षणासाठी. मांडवात कोणतं पीक होतं, बाबा? काडतुसं तुमी तुरीच्या कोठीत ठेवत होते, ओल लागू नये म्हणून, तरी त्या साली लागलीच. पहिला बार आभाळात गेला, लोकाईनं शिट्ट्या मारल्या. दुसऱ्याले घोडा पडला अन् काईच झालं नाई. कोणीतरी मागून म्हणालं, भाऊची पावडर संपली वाटते. तुमी हसत मांडवाकडं वळले, नळी संगं वळली, अन् तेव्हा ते काडतूस उडालं. आई पंगतीत बुंदी वाढून राह्यलती. तिच्या डोक्याच्या दोन हात वर मांडवाचा बांबू फुटला, खपच्या तिच्या पदरावर पडल्या. अन् सगळे हसले. मी टाळ्या वाजवल्या. ठाण्यात कोणी सांगतलं नाई. घरी आल्यावर आई काईतरी बोलाले गेली तर तुमी म्हणाले, "झालं का काई? नाई ना? मंग?"

त्या "मंग?"चं उत्तर द्याले मले इतकी वर्षं लागली.

मी वर्ध्याले शिकाले गेली, तिथं नालवाडीकडं एक लहानशी रेंज आहे, एअर रायफलची. मले तिथं जायची घाई असते, रविवारीही. पहिल्या दिवशी सरांनी जो नियम सांगतला तो तुमचाच होता, शब्द तेवढे इंग्लिश होते. दुसरा नियम काडतुसाच्या बंदुकीसाठी होता, तो तुमी सांगतला नव्हता. बार नाई उडाला तर हलायचं नाई, नळी समोरच ठेवून मनात तीस आकडे म्हणायचे. तीस आकडे, बाबा. तुमाले तीन तरी म्हणता आले असते. रेंजवरचे पोट्टे मोबाईलवर धडाधड चालणाऱ्या बंदुका पाहत राहतात, म्हणतात आपल्याकडं कायदा लई कडक, घरात काई ठेवूच देत नाई. मी म्हणते बरंच आहे. तूच शूटर, अन् तूच असं काऊन म्हणतं, म्हणून मले हासतात. मी शूटर आहे म्हणूनच म्हणते. बंदूक ओळखणारा माणूस कधी चुकत नाई, असं मले कोणी सांगू नये. माह्या ओळखीचा सगळ्यात पक्का माणूस चुकला होता.

बंदुकीचं काय करता ते सांगा, असा ठाण्यातून निरोप आला तसे काका कागद घेऊन आले, तुमा मायलेकीची नाहरकत द्या म्हणाले. डुकरं खरीच आहेत, काकाचं नुकसानही खरं आहे. मी सही करणार होती, पेन हातात होता. तेवढ्यात काका खुशीत येऊन म्हणाले, "दादाची पोरगी, दादाचीच बंदूक. तुह्या लग्नात दोन बार झालेच पाह्यजेत." आई चहा घेऊन दारात उभी होती. कप वाजले. मी पेन ठेवला, म्हटलं, काका, माह्या मांडवात बंदूक येणार नाई, अन् तुमच्या घरातही माह्या सहीनं येणार नाई. काका म्हणाले, दोन बुकं इंग्लिशमधी वाचली त बापाची इज्जत ठाण्यात टाकाले निघाली. म्हटलं, हो, निघाली.

आज आई संगं आली. फॉर्मवर एक रकाना होता, हत्यार कायमचे जमा करण्याचे कारण. मुन्शी म्हणाला, काईबी लिहा म्याडम, कोरं सोडू नका. मी रात्रभर जुळवलेलं सगळं तयार होतं, मांडव, बांबू, तीस आकडे. अन् मी लिहिलं, घरात बंदूक चालवता येणारे कोणी नाही. आईनं ते वाचलं, माह्याकडं पाह्यलं, अन् खाली सही केली.

हे पत्र मी कोणाले दाखवणार नाई, काकाले तर नाईच. फॉर्मवर खोटं लिहिलं मी, बाबा. खरं लिहिलं असतं तर तुमचं नाव लिहा लागलं असतं.