अर्ध्या दगडांची तारीख

७ ऑक्टोबर, सोमवार

जो माणूस अजून मेलेला नाही, त्याच्या मृत्यूच्या रकान्यात काय भरायचं? मला माहीत नाही. विद्यापीठात हा प्रश्न कधी आला नाही.

आता आलाय. आमच्या लिपोव ब्रोद गावच्या दफनभूमीतल्या प्रत्येक दगडाचा फोटो मी स्वतः काढला आणि नगरपालिकेसाठी केलेल्या नव्या प्रोग्रॅममध्ये भरला. त्यातले साठेक दगड अर्धे. आमच्याकडे बायको गेली की नवऱ्याचंही नाव त्याच दगडावर कोरून घेतात, नवरा गेला की बायकोचं. जन्मसाल, आडवी रेघ, पुढे गुळगुळीत दगड. आईच्या दगडावर बाबा आहेत. दोब्रिवोये, १९५३, रेघ.

प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्याला, म्हणजे फ्रेमवर्कला, रिकामा रकाना चालत नाही. लाल अक्षरांत दटावतं. ते बदलायचं तर आख्खा तक्ता मुळापासून उकरावा लागेल. म्हणून सध्या सगळ्या अर्ध्या दगडांना एकच तारीख दिली: २ नोव्हेंबर. पितरांचा शनिवार, आख्खं गाव दफनभूमीत मेणबत्त्या लावतं तो दिवस. त्याच दिवशी प्रोग्रॅमचं उद्घाटन आहे, लक्षात राहील. त्याआधी काढून टाकीन.

संकल्प: झाडांवर मृत्यूच्या सूचना ठोकणं या गावातून कायमचं बंद करायचं. कॉफीतली साखर बंद.

९ ऑक्टोबर, बुधवार

नगरपालिकेला सर्व्हर एकच. मुख्य फोल्डरमध्ये जुनी साइट राहते: बसचं वेळापत्रक, पाणी कधी बंद, दवाखान्याच्या वेळा. तिच्या पोटात एक उपफोल्डर करून माझा प्रोग्रॅम बसवायचा. बसवला. रंग नाही, चित्र नाही, नुसती नावं एकाखाली एक, पांढऱ्यावर काळी. प्रोग्रॅमला वाटतंय आपण घरमालक, आणि आहे आतल्या खोलीतला भाडेकरू. सगळ्या वस्तू पुढच्या दारात शोधतोय.

झिव्कामावशी डोकावून गेली. ही काउंटरवर बसते, मृत्यूच्या सूचना छापते आणि हातोडी घेऊन स्वतः ठोकायला जाते. स्क्रीन पाहून तिने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, इंजिनियरबाई, हे असं उघडं ठेवू नये गं, काहीतरी झाक त्यावर. मी समजावलं की कुठूनही दुवा दिलेला नाही, उद्घाटनापर्यंत इथे कोणी येऊच शकत नाही. म्हणाली, माझी सासूही असंच म्हणायची, आमच्या घरात मृत्यूला रस्ता सापडत नाही.

मागासलेपणाशी लढताना संयम हवा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जमलं. मुख्य फोल्डरमध्ये नियमांची एक फाइल होती, कोणा जुन्या माणसाने लिहिलेली, लांबलचक. कोणता पत्ता आला तर कोणतं पान दाखवायचं, असं काहीतरी. मला कळेना, म्हणून पुसली. तिच्या जागी माझ्या चार ओळी. सार इतकंच: जो पत्ता सापडत नाही तो माझ्या प्रोग्रॅमकडे पाठवा. रंग आले, चित्रं आली.

जुनी साइटही तपासली. मी बेजबाबदार नाही. पहिलं पान ठीक. बसचं पान तर माझ्या मशीनवर इतकं झटकन आलं की जणू तिथेच ठेवलं होतं.

आणखी एक सोय केली. एकदा पाहिलेलं पान फोनमध्येच राहतं, नेटवर्क असो नसो. डोंगरातल्या म्हाताऱ्यांचा विचार कोण करतं?

१२ ऑक्टोबर, शनिवार

हिवाळ्यासाठी मिरच्या भाजल्या. मी साली काढत होते आणि तोंडाने बाबांना शिकवत होते, फोनवर बसचं वेळापत्रक कसं बघायचं. बाबा एका बोटाने टाइप करतात. उघडलं म्हणाले.  माझे हात भरलेले, स्क्रीन पाहिली नाही, पण चेहरा पाहिला. असा चेहरा मी फक्त माझ्या पदवीदानाच्या दिवशी पाहिला होता.

विचारलं, हे सगळं तू केलंस? म्हटलं, हो बाबा, मी. विचारलं, यात चूक नसते ना? म्हटलं, असती तर मला पदवी कशाला दिली असती.

चष्मा काढला, घडी घातली, मधमाश्यांकडे निघून गेले. आमच्या घरात भावना बोलून दाखवत नाहीत.

१६ ऑक्टोबर, बुधवार

साइटला भेटी तिप्पट. नगरपालिकेचे डायरेक्टर रतोमिर साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

झिव्कामावशीची तक्रार: फोनवर बस उघडली की दफनभूमी येते. पाणी उघडलं की दफनभूमी. दवाखाना उघडला तरी तेच. माझ्या मशीनवर सगळं ठीक येतं, हे तिला दाखवलं. तुझा फोन जुना आहे, मेमरी पूस, असंही सांगितलं. तिने बाजूला तीनदा थुंकल्यासारखं केलं. म्हणाली, मेमरी पुसून तारीख पुसली जाते का, पोरी?

तंत्रज्ञानाची भीती माणसाला गूढ बोलायला लावते. तरी उद्या एकदा बघते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बघायचं राहिलं. उद्घाटनाच्या निमंत्रणाचा रंग ठरत नव्हता.

आज दारात चीज, अंडी, एक जिवंत कोंबडी. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका आणून ठेवतात आणि आत येत नाहीत. लोकांना काम कळतं. एकीने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, बाळा, तारीख जरा पुढे नाही का जाणार, वसंतात नातीचं लग्न आहे. नम्रपणे पण ठामपणे सांगितलं की आजी, तारीख पक्की झाली, साहेबांची सही आहे, सगळ्यांना एकच नियम, ओळख-वशिला या कारभारात चालणार नाही. ती रडली आणि माझ्या हाताचा मुका घेतला.

उद्घाटनाबद्दल इतकी आस्था. मलाही भरून आलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी स्वेतोझारकाका कुंपणाशी बसले होते. बाबांचे लष्करातले सोबती. त्यांच्या बायकोच्या दगडावरही त्यांचं नाव आहे, रेघेपर्यंत. काका म्हणाले, नेदा, ही तुझी नगरपालिका उद्या पाणी जाणार हे आज सांगत नाही, आणि हे मात्र दोन आठवडे आधी. स्वतःच हसले. बाबा हसले नाहीत. विचारलं, तारीख पक्की ना, पोरी? म्हटलं, पक्की, बाबा. आभाळ कोसळलं तरी.

काका म्हणाले, बघ, शिकलेली मुलगी असली की असं. माझा पोरगा तर मी आजारी पडलो तरी तीन दिवसांनी फोन करतो.

दारूचे पेले भरले. एकमेकांना टेकवले नाहीत, थोडी जमिनीवर सांडली, मग प्यायले. मेलेल्यांसाठी पितात तसे. आईसाठी असेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा बदललेत. फाटक दुरुस्त केलं, छपराच्या कौलांना हात लावला, घराची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत ते मला दाखवलं. आणि मधमाश्या पाद्रीबुवांना देऊन टाकल्या, आठही पेट्या. विचारलं का, तर म्हणाले, तुला चावतात. आयुष्यभर मी त्यांना सांगत आले की नियोजन करा. शेवटी पटलं.

औषधवाल्या बाईंनी हटकलं. दोब्रिवोये हृदयाच्या गोळ्या न्यायला आलेच नाहीत म्हणाल्या. डॉक्टरांनी कमी केल्या असतील. चांगलंच आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

रस्त्यात बायका मला पाहून पलीकडच्या बाजूला जातात. यशाला एकटेपणा असतो.

झिव्कामावशी म्हणते, सुताराकडे जागा नाही, दगड घडवणाऱ्याकडे रांग. गावात बांधकाम वाढलंय, प्रगतीची खूण. तिने हातातले खिळे खाली ठेवले. मग म्हणाली, तू खरंच फोनवर कधी बघितलं नाहीस का गं? म्हटलं, मला बसच्या वेळा पाठ आहेत.

तात्पुरत्या तारखा या आठवड्यात काढायच्या. साहेबांच्या भाषणासाठी आकडे जमवून झाले की लगेच. साखर: दोन चमचे, फक्त उद्घाटनापर्यंत.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी निघताना बाबांनी काळा कोट इस्त्रीला दिला. उद्या घालणार. पितरांचा शनिवार आहे, साहजिक. दाढीही आजच केली, उद्या वेळ मिळेल न मिळेल म्हणाले.

दुपारी परतताना बस आली नाही. वेळ बदलली असेल म्हणून थांब्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या फोनवर वेळापत्रक उघडलं.

दफनभूमी. वर नगरपालिकेचं चिन्ह. खाली ताज्या नोंदी आधी, मीच लावलेला क्रम. सगळ्यांपुढे २ नोव्हेंबर. तिसऱ्या ओळीत दोब्रिवोये.

पाणी उघडलं. तेच. दवाखाना उघडला. तेच. ती पुसलेली लांबलचक फाइल हीच सगळी पानं उघडून देत होती. माझ्या चार ओळींनी गावातलं प्रत्येक दार दफनभूमीत उघडलं. माझ्या मशीनने तेवढं जुनं पान सांभाळून ठेवलं होतं, मला दाखवायला.

पहिला विचार, लिहायला लाज वाटते: बाबांनी पाहिलं नसेल. बाबा बसने जात नाहीत. मग मिरच्या आठवल्या.

पळत ऑफिसला परतले. आख्खा उपफोल्डर पुसला, नियमांची फाइल पुसली. घरी येऊन बाबांना सांगितलं की ते सगळं खोटं आहे, तात्पुरतं भरलं होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, घाबरू नकोस, मी काही रागावलो नाही. तू लिहिलंस तेच बरं झालं, परक्याकडून कळलं असतं तर जड गेलं असतं. म्हटलं, बाबा, चूक आहे ती. म्हणाले, तूच सांगितलंस चूक नसते. मला बरं वाटावं म्हणून आता बोलतेस.

त्यांचा फोन उघडून दाखवायला गेले. त्यांच्या फोनमध्ये पान होतं तसंच. मीच ठेवायला सांगितलं होतं, नेटवर्क असो नसो.

गोळ्या पुढे केल्या. एका दिवसासाठी कशाला म्हणाले.

२ नोव्हेंबर, शनिवार

उजाडताच झिव्कामावशीचं दार वाजवलं. तिने काही विचारलं नाही, चावी घेतली. तिच्या मशीनवर, काळ्या चौकटीच्या त्याच कागदावर, आम्ही साठेक सूचना छापल्या. मजकूर मी सांगितला: अमुक अमुक जिवंत आहेत. नगरपालिकेच्या साइटवरील तारीख खोटी असून ती माझ्या चुकीमुळे पडली. खाली माझं पूर्ण नाव. मावशी म्हणाली, पदवीही टाक. टाकली.

रस्त्याकडेच्या लिंडन झाडांच्या बुंध्यांवर ठोकल्या. बेकरीवर, बसथांब्यावर, दफनभूमीच्या फाटकावर. हातोडी मावशीची, खिळे मी धरले. डायरेक्टर साहेबांची गाडी थांबली. म्हणाले, नेदा, एवढ्या भेटी तर आपल्या साइटला कधीच मिळाल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी जन्मांचं करू.

बाबा काळ्या कोटात फाटकाशी आले, हातात मेलेल्यांसाठी ठेवायची उकडलेल्या गव्हाची वाटी आणि मेणबत्त्या. चेहरा राखेसारखा. स्वतःच्या नावाची सूचना त्यांनी दोनदा वाचली. पहिल्यांदा चष्म्याशिवाय.

विचारलं, तू चुकलीस? म्हटलं, हो.

विचारलं, शिकूनसुद्धा? म्हटलं, शिकूनसुद्धा, बाबा. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत की रकाना रिकामा ठेव. मी विचारलंच नाही. मला वाटलं मला कळतं.

ते मटकन खाली बसले, हात छातीवर. मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. ते चर्चच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिले, बस येणार असल्यासारखे. मीही बघत राहिले. या गावातलं घड्याळ इतकं हळू चालतं हे मला माहीत नव्हतं.

स्वेतोझारकाका सूचना हातात घेऊन ओरडत आले. म्हणाले, अरे, काल मी मेंढा कापला, आख्ख्या वस्तीला खाऊ घातला, आणि आता हिवाळाभर मी काय खाऊ, हा कागद? बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं गेले. हसले होते.

मग त्यांना हात देऊन आईच्या दगडापाशी नेलं, तेव्हा दिसलं. १९५३, रेघ, आणि पुढे आजची तारीख. नवी, पांढरी, खोल. बाबांनी मागच्याच आठवड्यात कोरून घेतली होती. मला नंतर धावपळ नको म्हणून.

३ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी कॉफी मागितली, गोळी घेतली आणि तक्रार सुरू केली. पाद्रीबुवा मधमाश्या परत देत नाहीत. दान परत घेणं पाप आहे म्हणतात.

जुनी नियमांची फाइल कुठेच सापडली नाही. बसचं वेळापत्रक आता झिव्कामावशीने हाताने लिहून लिंडनवर ठोकलंय. पाण्याचंही. लोक थांबून वाचतात. कॉफीत साखर तीन चमचे.

बाबा दुपारी झोपले. त्यांचा श्वास चालू आहे ना ते दारातून बघितलं, मग गोठ्यातलं उरलेलं सिमेंट बादलीत कालवलं आणि दफनभूमीत गेले. रेघेपुढची तारीख बुजवली. ओलं होतं तोवर आकडे वरून जाणवत होते, म्हणून दुसरा थर दिला. थापीने गुळगुळीत केला. रेघ तशीच ठेवली. तिच्यापुढे काही भरलं नाही.