चित्रातला काळा कोट

शिकागो, नोव्हेंबर १९३०

माझ्या लाडक्या आईला आल्विनाचा गोड पापा.

मी बरी आहे. तुझं काकडीचं लोणचं पुरवून पुरवून खातेय. बाबांचा खोकला कसा आहे? मका काढून झाला का?

पेपरात छापलेलं ते चित्र बघून तू चिडली होतीस ना, "आम्हा आयोवाच्या बायकांना एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं देणारा हा चित्रकार कोण लागून गेला?" म्हणून काल ऑफिसातल्या मुलींबरोबर इथल्या प्रदर्शनात ते चित्र बघून आले. गवताचं दाताळं धरलेला म्हातारा आणि शेजारी बाई. आमच्यातली टिली म्हणाली, "अगं, यांना हसायला कुणी शिकवलंच नाही वाटतं!" सगळ्या खिदळल्या. आई, मीही हसले.

मग त्या म्हाताऱ्याचा कोट दिसला. कामाच्या कपड्यांवर चढवलेला, चर्चला जायचा काळा कोट. मी शहरात यायला निघाले तेव्हा फोटोवाला आला, तर बाबांनी अस्साच चढवला होता. तू एप्रन न काढताच गळ्याशी ब्रोच लावलास. तो "हलू नका" म्हणाला आणि दोघं श्वास रोखून उभी राहिलात, मला द्यायचा फोटो नीट यावा म्हणून. तो फोटो मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. आज बाहेर काढला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला येऊ नका, घरमालकिणीला पाहुणे चालत नाहीत, असं मी लिहिलं होतं. ती बिचारी तसं काही बोललीच नव्हती.

दोघं नक्की या. बाबांना म्हणावं, तोच कोट घाला. स्टेशनवर मी टिलीलाही घेऊन येते.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
आल्विना