मंगळवारची साडी

६ मे
दादाचा फोन. आठवड्यात दुसरा, एरवी राखीलाच आठवण. पेडगावचं बाबांचं रान पुण्याचा कुणी पैसेवाला घेतोय. पेरायला नाही, नुसतं धरून ठेवायला. अशी त्याची चार जिल्ह्यांत आहेत म्हणे, दादाला त्याचं केवढं कौतुक. मी मंगळवारी येऊन हक्कसोड करून द्यायचं. "नुसती एक सही हाय गं."
नुसती.

७ मे
ह्यांना सांगितलं. म्हणाले, माहेर तुटेल, आणि दूध आणायला गेले. दादाचा पप्पू ह्या पैशावर दुसरा फ्लॅट बघतोय. माझी ऋतू नर्सिंगला जायचं म्हणून शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतेय. एकाच आजोबांची नातवंडं. शिसारी येते.

८ मे
वहिनी माझ्या शिलाईच्या दुकानात. फॉल-पिकोला जांभळी साडी, सेमी पैठणी. "मंगळवारी लागायलीय वन्सं, एकीला द्यायचीय." कोणाला विचारलं तर हसली. पैशाचं नाव नाही.
अर्धा फॉल लावून झाला आणि डोक्यात उजेड पडला. मंगळवार. हक्क सोडणाऱ्या बहिणीला साडी करतात ती. म्हणजे माझी साडी, माझ्याच हातून, फॉलही माझ्याच पदरचा! सुई तिथंच सोडली.

९ मे
ह्यांच्यापुढे साडी आपटली. दादा-वहिनीचा पार उद्धार केला. हे हळूच म्हणाले, "शकूला आपण काय दिलं होतं?"
शकुताई, ह्यांची बहीण. त्यांनी हक्क सोडून सही केली, आम्ही सासऱ्यांचं शेत विकलं, त्यावर ह्या दोन खोल्या आणि खालचं दुकान. साडी मीच आणली होती, घासाघीस करून. फॉलसुद्धा मीच लावला. साफ विसरले होते. दादापेक्षा स्वतःचीच जास्त घाण वाटली.

१० मे
चुडाव्याला शकुताईंना फोन. ह्या वयात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. इकडचं तिकडचं बोलून साडीचं विचारलं.
"हाय की वैनी. घडी बी मोडली न्हाई. नेसू वाटंना."
आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हटलं, एकदा जेवायला या. शोभतं का हे?

११ मे
दादाचा मेसेज. उद्या अकराला रजिस्ट्री ऑफिस, आधार आण.
ह्यांना म्हटलं, मी दादाकडं हिस्सा मागितला तर शकुताईंचाही द्यावा लागेल. हे घर विकावं लागलं तरी.
"मग सही करून टाक ना," म्हणाले. केवढा सुटल्यासारखा आवाज. आणि क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं, तेच लिहायची लाज वाटते.
साडी मशीनवर तशीच, अर्धा फॉल लोंबतोय. ऋतू म्हणाली, छान आहे, कुणाची गं?
म्हटलं, अजून कुणाची नाही.