आबा, गाडी कोण चालवत होतं?

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. आज कागद घेतला, कारण साहेबांनी राजीनामा दिला. तुमच्या साहेबांनी! दिल्लीतलं मंत्रिपद सोडताना टीव्हीवर डोळे पुसत होते.

त्यांच्याच जुन्या सचिवानं तोंड उघडलं. गगनबावड्याच्या घाटात मुरगूडच्या मोटरसायकलवाल्या पोराला उडवलं, तेव्हा गाडी साहेब स्वतः चालवत होते, ड्रायव्हर शेजारी बसला होता, असं तो सांगतोय. तो ड्रायव्हर म्हणजे तुम्ही. गुन्हा कबूल करून तुरुंगात जाऊन आलेले!

खरं सांगू? मला धक्का बसला नाही. जामिनावर घरी आलात, तेव्हा आई तुमच्या खांद्याला हळद लावत होती. सीटबेल्टचा वळ डाव्या खांद्यावरून खाली उतरला होता. पुढं मी कार शिकायला बसले, पट्टा ओढला आणि हात तिथंच थांबला. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो ना?

तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "गप की गं. झालं ते झालं."

असं तुम्ही मला कधीच गप्प केलं नव्हतं.

त्यांनी धमकावलं तुम्हाला? की नुसता पाठीवर हात ठेवला आणि तेवढ्यावर तुम्ही विरघळलात? मला या दुसऱ्या शक्यतेचीच भीती जास्त वाटते. सुटून आल्यावर मंगळवार पेठेत कुणी तुमच्या हातात गाडीची किल्ली दिली नाही. तालमीच्या कट्ट्यावर बसणंही तुम्ही सोडलंत. आणि साहेब? तुमच्या मातीला नुसता हार आला.

आज दुपारी नाना आले, साहेबांचे जिल्ह्यातले खास. तुमच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला, मग हळूच म्हणाले, "टीव्हीवालं येतील उद्या. आबाच गाडी चालवत हुतं, एवढंच बोल, पोरी. आबांनी दिलेला शब्द हाय त्यो."

"कुणाला दिलेला?"

उलट म्हणाले, "साहेब परत येणार हायत, ध्यानात ठेव."

म्हणजे तो राजीनामा, ते डोळे पुसणं, तेही नाटकच का?

तेवढ्यात आई बाहेर आली. "वळ डाव्या खांद्याला हुता, नाना. माझ्या हातानं हळद लावलीया. इचारतील त्यांना हेच सांगणार. चा झाला न्हवं? उठा आता."

आबा, आईलाही ठाऊक होतं! एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो. तुम्ही तिला सांगितलं होतं का, असं विचारलं, तर म्हणाली, "त्यांनी सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय."

कोर्टाबाहेर त्या पोराची आई तुमच्या अंगावर धावून आली होती. "माझा ल्योक खाल्लास!" तुम्ही मान खाली घातलीत. तिला तरी खरं सांगावं असं एकदाही वाटलं नाही तुम्हाला?

उद्या सकाळी, टीव्हीवाले यायच्या आधी, आई आणि मी मुरगूडला जाणार आहोत. त्या पोराच्या आईच्या दारात उभं राहून सांगेन, की तुमच्या लेकाला मारणारा माझा बाप नव्हता, पण त्या माणसाला पाठीशी घालणारा माझाच बाप होता. ती शिव्या देईल, दार लावून घेईल. ऐकून घेईन. तिथून थेट पोलिसांत जबाब द्यायला.

तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे. तरी जाणार!

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच शालन