पाटीवरची पहिली ओळ

४ जाने., रवि.
इथल्या आमच्या मराठी समाजाची मीटिंग. वाड्यामागचा आपला जुना महाल डागडुजी होऊन तयार, पोंगल झाला की उघडायचा. दारावर पाटी, तमिळ आणि मराठी. मराठी कोण लिहिणार? सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. घरोघर मराठी बोलतात, पण देवनागरी एकालाही येत नाही. मी जन्मभर ग्रंथालयात पोथ्या लावल्या म्हणून मला येते. अध्यक्ष आमचा अण्णाच, माझा थोरला भाऊ. म्हणाला, "शारदे, पहिली ओळ झोकात हवी. हा महाल मराठ्यांनी बांधला."
बांधला कुठं? ...

७ जाने.
महाल पुन्हा बघून आले. मागचं दालन नायकांचं, आपण यायच्या आधीच्या राजांचं. आंधळ्यानं चाचपलं तरी कळेल. विटा-चुन्याचे जाड गोल खांब, दोघांच्या कवेत मावायचे नाहीत. वर कमानी. पुढची लाकडी खांबांची ओसरी आपली, नंतर जोडलेली. भिंती भेटतात तिथं सांधा उघडा, बोट जातं. विटाही वेगळ्या.
लिहिलं: नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला, राखला. यात कमीपणा कसला? राखणं काय सोपं असतं?

१० जाने., शनि.
मीटिंगमध्ये माझा कागद हातोहात फिरला. एकेकानं डोळ्यांपुढं धरला, मान डोलावली. "बेश!" सेक्रेटरी तर म्हणे, "काय सुरेख लिहिलंय!" मंजूर! वाचता एकालाही येत नाही आणि कबूल एकही करीना.
गप्प बसले असते तर पाटी लागलीही असती. पण चोरून कशाला? खरं आहे ते. मोठ्यानं वाचून दाखवलं. मग काय विचारता! "आपलंच नाव पुसता?" "नायकांची वकिली कोणी सांगितली?" अण्णा लालबुंद. म्हटलं, खोटं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही, दुसरं कोणी बघा. तडक घरी.

१३ जाने.
अण्णाला हाताला धरून महालात नेलं. सांध्यात बोट घालायला लावलं. कितीतरी वेळ चाचपत होता.
"कळतंय गे. पण नातवंडं तमिळच बोलतात. आपण गेल्यावर मराठी म्हणून इथं काय उरणार? नाव तरी राहूं दे."
तरी म्हटलं, "दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव?" बोटाचा चुना धोतराला पुसून ऑटोत जाऊन बसला.

१७ जाने.
पाटी लागली. मजकूर पुण्याच्या कुणा पाहुण्याकडून फोनवर मागवला म्हणे. पहिली ओळ अण्णाची, जशीच्या तशी. अस्सा संताप आला! सेक्रेटरी पाटीखाली उभा राहून फोटो काढवून घेत होता. मला बघून म्हणाला, "अक्का, उद्या महाल उघडताना सगळ्यांपुढं तुम्हीच वाचायची. दुसऱ्या कुणाला येते?"
लिहायला मी नको, वाचायला हवी. हो म्हटलं.

१८ जाने., रवि. सकाळ
अण्णा कॉफीलाच आला. टंबलर हातात धरून बसला, पिईना.
"पाटीवर आहे तेच वाचशील ना?"
"खरं तेच वाचीन."
आता ओरडणार, वाटलं. मीही पदर खोचून तयार. त्यानं कॉफी संपवली. दाराशी जाऊन म्हणाला, "मी पुढंच बसतो. मोठ्यानं वाच गे, कान गेलेत माझे."
ऑटो आली. निघते.